कंबर असलेल्या सतरंज्या

काकांच्या हातून नऊ वर्षांत एकही सतरंजी सरळ विणली गेली नाही. सुरुवात दोन फूट रुंदीने व्हायची, मध्यावर येईतो ती दीड फुटावर आवळायची आणि शेवटाकडे काहीतरी चुकल्याचं लक्षात आल्यासारखी पुन्हा ऐसपैस व्हायची. नवीन भाडेकरूला शोभेल अशा अदबीने मी एकदा म्हटलं, "काका, ही मधे जरा आत गेलीय का?"

काकांनी ती हातभर लांब धरली, डोळे बारीक केले. "कंबर आहे ती तिची. तुला नाही?"

मला नव्हती. गुडगावच्या ऑफिसात सहा वर्षं बसून माझी केव्हाच गेली होती.

नोएडातल्या त्या घरात खाली काका-काकू, मधल्या मजल्यावर मी आणि गच्चीवर एक खोली, तिला दिल्लीकडे बरसाती म्हणतात. बरसातीत काकांचा माग होता. माग म्हणजे फार काही नाही. चार जाड वासे, त्यांच्यावर ताणलेले उभे धागे, आणि आडवा धागा ठोकून घट्ट बसवायला एक लोखंडी पंजा. जेवायच्या काट्याला एखादा पैलवान भाऊ असावा तसा. तो पंजा बरोबर माझ्या डोक्यावर चालायचा. ठप. ठप ठप. मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत काका धाग्याशी बोलत असत. मग एकदम आठवण झाल्यासारखा ठप!

घर बघायला गेलो तेव्हा सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. व्हेज की नॉनव्हेज, लग्न कधी, गाडी कुठे लावणार. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "ऑफिस सोडून काय करता?" मी छाती काढून सांगितलं की ऑफिस सोडून काही करायला मला वेळच मिळत नाही. काकांचा चेहरा पडला. माझं काहीतरी मोठं नुकसान झाल्याची बातमी ऐकल्यासारखे ते बघत राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "देऊन टाका हो खोली. गरीब आहे बिचारा."

खरं तर मी खोटं बोललो होतो. माझ्याकडे एक गिटार होती. ती आणल्या दिवशीच मी तिच्यासाठी चॅनेलचं नाव ठरवलं, लोगो करून घेतला, आणि 'लवकरच येत आहोत' असं जाहीरही केलं. तारा जुळवायच्या राहिल्या त्या राहिल्याच. पुढे काकांनी ती कपाटावर बघितली आणि वाजवून दाखव म्हणाले. मी म्हटलं, "अजून ब्रँडिंग चाललंय." काका म्हणाले, "अच्छा. म्हणजे बारसं झालंय, मूल व्हायचंय."

मागाची सुरुवात पानिपतात झाली. दिल्लीतल्या मराठी माणसाला एक काम जन्मभर पुरतं, ते म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पानिपत दाखवणं. ताजमहाल पाहुणे आपले आपण बघतात, पण पानिपतला यजमान सोबत लागतो. हळहळायला साक्षीदार नको? पाहुणे स्मारकापाशी उभे राहतात, आपल्या सैन्याने त्या दिवशी नेमकं काय करायला हवं होतं ते यजमानाला समजावून सांगतात, डोळे पुसतात आणि परतीच्या वाटेवर चादरी घेतात. हरल्याचं दुःख आणि डबलबेडच्या दोन चादरी एकाच पिशवीतून पुण्याला जातात. काका एका मंत्रालयात पस्तीस वर्षं होते, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. म्हणजे नातेवाइकांच्या हिशेबाने रिकामेच. ते किती वेळा पानिपतला गेले याची गणती नव्हती. अशाच एका फेरीत त्यांचे साडू युद्ध जिंकत आणत होते. काका कंटाळून शेजारच्या गल्लीत शिरले, तिथे एक म्हातारे उस्ताद सतरंजी विणत बसले होते, आणि काका त्यांच्यासमोर जे उकिडवे बसले ते उठायचं विसरलेच. साडूंचं युद्ध दुपारी संपलं. काका संध्याकाळी सापडले.

रिटायर झाल्यावर त्यांनी आधी दोन वर्षं गच्चीवर मधमाश्या पाळल्या. माश्यांनी एकूण चमचाभर मध दिला आणि शेजारच्या कर्नलसाहेबांना चावून त्या कायमच्या निघून गेल्या. काकांची तक्रार नव्हती. "होत्या तेवढे दिवस छान होत्या," असं ते पाहुण्यांबद्दल कधी म्हणाले नसते. मग त्यांनी पानिपतहून टेम्पोत घालून माग आणला. दर महिन्याला ते विणलेला तुकडा घेऊन उस्तादांकडे जात. पाच वर्षांनी उस्तादांनी निकाल दिला, "साहब, आपके हाथ में मोहब्बत बहुत है। बस, दरी नहीं है।" दरी म्हणजे तिकडे सतरंजी. हे वाक्य काका सगळ्यांना सांगायचे. आपल्याला पद्मश्री मिळाल्याचंही कुणी इतक्या आनंदाने सांगत नसेल.

नक्षी आधी ठरवायची नाही हा त्यांचा नियम. विणून झाल्यावर काय झालंय ते बघायचं.

"मोर आहे," एकदा ते म्हणाले.

"मला ट्रॅक्टर वाटतोय, काका."

"वाटू दे. मोराला काही अडचण नाही."

"पण तुम्ही हे शिकून घेतलं नीट, तर जमेल ना तुम्हाला."

"जमायलाच हवं असा सरकारी आदेश आहे का कुठे? पस्तीस वर्षं जमवलं यार. आता बिल्कुल नाही."

तयार झालेल्या सतरंज्या ते विकत नसत आणि कुणाला देतही नसत. देणार तरी कुणाला? त्या सगळ्या काकूंच्या पलंगाच्या पेटीत जात. काकू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांचं प्रत्येक वाक्य शेरा मारल्यासारखं असायचं. म्हणायच्या, "लोक गाद्यांवर झोपतात, मी चुकांवर झोपते. पण एक सांगू, माणूस वरून खाली येतो ना, तेव्हा गुणगुणत येतो. मंत्रालयातून यायचे तेव्हा दार उघडायच्या आधी मला कळायचं की आज बोलायचं नाही."

हे वाक्य मी त्याच वेळी नीट ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण माझा धंदाच असा की मला कुठलीही गोष्ट आहे तशी बघता येत नाही. मी माणसांना पाणी प्यायची आठवण करून देणारं ॲप बनवतो. तहान लागते, माणूस पाणी पितो, एवढ्या सरळ व्यवहारात ज्याला पोटेन्शियल दिसलं, त्याला डोक्यावरच्या ठपठपीत दिसणार नाही होय?

त्या वर्षी पावसाळ्यात एका मीटिंगमध्ये आमच्या मॅडम बोलत होत्या आणि काका नेमके फॉर्मात होते. मॅडम म्हणाल्या, "ये कंस्ट्रक्शन बंद करवाइए ना प्लीज़।"

म्यूट करायचं सोडून मी छाप पाडायला गेलो. म्हटलं, "मॅम, कंस्ट्रक्शन नहीं है। मेरे लैंडलॉर्ड हैंडलूम आर्टिस्ट हैं।"

मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "आर्टिज़न? रियली? हम दिवाली गिफ्टिंग के लिए कुछ ऑथेंटिक ढूँढ रहे थे।"

दहा मिनिटांत ठरलं. चाळीस आसनं, दोन फूट बाय दोन फूट, मोठ्या क्लाएंट्ससाठी. मॅडमनी त्यांना नावही दिलं, माइंडफुलनेस मॅट. मी काकांना मनातल्या मनात एका मोठ्या प्रदर्शनात उभं केलं, गळ्यात हार घातला, आणि शेजारी नम्रपणे मी स्वतः उभा राहिलो.

काकू दारातच भेटल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, सांगायचंच असेल तर तोंडी सांग. हो म्हणतील आणि विसरतील. पण कागद दाखवू नकोस. कागद दिसला तर ते कामावर रुजू होतील."

मी कागद दाखवला. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, वर संदर्भ क्रमांक. मला वाटलं होतं काका हसतील, जमायलाच हवं का विचारतील. काकांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. त्यांची पाठ ताठ झाली, जशी माझी शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर व्हायची. कोपऱ्यात तारीख घालून सही केली, कपाटातून फाइल काढली, कागदाला भोक पाडून तो लावला, आणि म्हणाले, "मुदत कधीपर्यंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला जिन्यात बुटांचा आवाज आला. काका इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन वर चालले होते. एक वाजता लंच. सव्वापाचला खाली. बरसातीच्या दाराला त्यांनी हजेरीचं रजिस्टर लटकवलं, त्यात रोज स्वतःची सही करू लागले. एक दिवस काकूंच्या बहिणीकडे सत्यनारायण होता. काकांनी स्वतःच्या नावे एक दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, त्यावर विचार केला, आणि कामाचा व्याप पाहता रजा नामंजूर असा शेरा मारून तो फाइलला लावला. काकू एकट्या गेल्या. प्रसाद घेऊन आल्या तो थेट माझ्या दारात.

"बघितलंस?" त्यांनी तो अर्ज माझ्यापुढे धरला.

मी हसलो. खरंच विनोदी होतं ते.

"हसतोस? काल रात्री जेवताना मला म्हणाले, 'उद्या सोमवार आहे, जावंसं वाटत नाही.' अकरा वर्षं झाली रे रिटायर होऊन. अकरा वर्षं या घरात सोमवार नव्हता. तू आणलास."

मी प्रसादाचा शिरा तसाच खाली ठेवला. त्या गेल्यावर मी पहिल्यांदा नीट कान देऊन वरचा आवाज ऐकला. ठप, ठप, ठप, ठप. भिंतीवरच्या घड्याळासारखा. मधे बोलणं नाही, गुणगुणणं नाही. मग एक वेगळाच आवाज, सर्रकन. वर जाऊन बघितलं तर काका विणलेलं उसवत होते. नऊ वर्षांत त्यांनी कधी काही उसवलं नव्हतं. रुंदी सारखी राहावी म्हणून दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या, हातात टेप होती.

"अर्धा इंच आत गेली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुमच्या मॅडमना चालेल का अर्धा इंच?"

"काका, ऑर्डर कॅन्सल करू या."

"अशी कशी कॅन्सल? स्वीकारलीय आपण. सही आहे माझी."

दसऱ्यापर्यंत चार आसनं झाली होती. चारही, पट्ट्यांना न जुमानता, कंबरेसकट. काका वाळले होते, संध्याकाळी टीव्हीसमोर नुसते बसून असत. काकू माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. मॅडमचे मात्र रोज दोन मेसेज येत होते. शहाण्या माणसाने अशा वेळी मॅडमना खरं सांगितलं असतं. मी गाडी काढली आणि पानिपतला गेलो.

माझ्या पुण्याच्या पूर्वजांची तिथे दैना झाली, माझी कशाला होईल! पहिल्याच दुकानात शेठजींनी विचारलं, "हैंडमेड चाहिए, या हैंडमेड जैसा?"

मी म्हटलं, "जैसा."

"जैसा ज़्यादा अच्छा है," शेठजी म्हणाले. "हैंडमेड में शिकायत आती है।"

छत्तीस घेतली, वर नमुन्याचं एक त्यांनी प्रेमाने दिलं. काकांना सांगितलं की कंपनीने ऑर्डर कमी करून चारवर आणलीय. काका म्हणाले, "लेखी दे." मग मी कॅफेत बसून कंपनीच्या लेटरहेडवर तसं पत्रही बनवलं. काकांनी ते फाइलला लावलं, चार आसनं वर्तमानपत्रात बांधून माझ्या हवाली केली आणि रजिस्टरमध्ये शेवटची सही केली. मी ती चार त्या छत्तिसांत मिसळली आणि मॅडमच्या केबिनमध्ये ठेवून आलो. त्या आठवड्यात मी स्वतःवर फार खूश होतो. सगळ्यांचं भलं झालं होतं, आणि तेही कुणाला न कळता.

दिवाळी झाली. एका दुपारी मी घरूनच काम करत असताना ऑफिसची गाडी दाराशी आली, आणि ड्रायव्हरने एक गठ्ठा आणि एक पाकीट थेट काकांच्या हातात दिलं. मी जिना उतरेपर्यंत काकांनी पाकीट फोडलं होतं. मॅडमनी मनापासून आभार मानले होते. छत्तीस नग उत्कृष्ट, अस्सल हातमागाचे, क्लाएंट्स भारावून गेलेत. चार नग मात्र परत पाठवत आहोत. कडा वेड्यावाकड्या आहेत, कुठूनतरी मशीनचा स्वस्त माल मिसळल्यासारखा वाटतो. आपल्यासारख्या कलाकाराकडून ही अपेक्षा नव्हती. कृपया बदलून द्यावेत.

काकांनी कागद खाली ठेवला. "छत्तीस मंजूर," ते म्हणाले. "मी चार केली. चार नामंजूर. मग छत्तीस कुणाची?"

मी सगळं सांगितलं. शेठजी, कॅफे, खोटं पत्र, सगळं. काकू आतून येऊन पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मला वाटलं काका ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्यातलं एखादं आहे का तुझ्याकडे?"

नमुन्याचं होतं. मी त्यावर माझे बूट ठेवत असे. झटकून आणलं. काकांनी ते मांडीवर घेतलं, उलटं केलं, अंगठा एका कडेवरून शेवटपर्यंत फिरवला, मग दुसऱ्या कडेवरून.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"हो, काका."

"अगदी सरळ आहे रे."

नऊ वर्षं ज्याला सरळ कडेची फिकीर नव्हती तो माणूस त्या कडेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता.

"असं करायचं होतं मला," काका म्हणाले. "तुझा कागद आल्यावर पहिल्यांदाच वाटलं, असं जमावं. जमलं नाही. गंमत बघ, आधी कधी कळलंच नव्हतं की मला जमत नाहीये."

काकूंनी ते आसन त्यांच्या मांडीवरून उचललं आणि माझ्या हातात कोंबलं. "जा वर," त्या म्हणाल्या. एवढंच.

काकांनी मॅडमना उत्तर पाठवलं. एका ओळीचं, सुवाच्य अक्षरात. छत्तीस नग माझे नाहीत, चार माझे आहेत, बदलून मिळणार नाहीत. मॅडमनी ते मला वाचून दाखवलं आणि मग मला बरंच काही वाचून दाखवलं. नोकरी राहिली, पण पाण्याच्या ॲपवरून मला उचलून वेळेवर झोपायची आठवण करून देणाऱ्या ॲपवर टाकलं. तिथे मी अजून आहे, आणि मला झोप लागत नाही.

माग पुन्हा सुरू झाला नाही. मी आठवडाभर वाट बघितली. मग एका रविवारी काकांनी वासे सुटे केले आणि काकूंनी त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला. पंजा उस्तादांनी दिलेला, तो त्यांना परत गेला. मी दोनदा माफी मागितली. काका म्हणाले, "अरे चलो, सोड," आणि चहा मागवला. माझ्याशी ते पहिल्यासारखेच वागत होते, हेच मला सहन होत नव्हतं. मार्चमध्ये मी गुडगावला घर बदललं.

तरी महिन्यातून एकदा जातो. गेल्या तीन-चार खेपांपासून एक गोष्ट लक्षात आली आहे. मी गेट उघडलं की वर बरसातीचं दार बंद होतं, कुलपाचा आवाज येतो आणि काका शर्टावरचं काहीतरी झटकत खाली येतात. नवीन काहीतरी चाललं आहे. काय ते मला कळत नाही. मी विचारलं तर ते मेट्रोच्या गर्दीवर बोलू लागतात. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो खो खो हसला. "अंकल जी ने सबको दिखाया है। बोले, बस आपको नहीं बताना।" मधमाश्या चावलेल्या कर्नलसाहेबांनासुद्धा माहीत आहे. ते मला बघून मिशीत हसले.

परवा काका भाजी आणायला गेले होते तेवढ्यात मी काकूंना गाठलं. हात जोडले.

"काकू, फक्त मला सांगा. कुणाला बोलणार नाही, फोटो काढणार नाही, काही सुचवणार नाही."

"नाही."

"काय आहे ते नका सांगू. एवढंच सांगा, जमतंय का त्यांना?"

काकूंनी आधी गेटकडे बघितलं. मग माझ्या जवळ येऊन, लाज वाटावी अशी एखादी गोष्ट सांगावी तसा आवाज खाली आणला.

"अजिबात नाही रे. पाच महिने झाले, काडीचं जमत नाहीये." आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तेवढ्यात गेट वाजलं. भाजीची पिशवी घेऊन काका आत येत होते, आणि मला बघून त्यांनी ती सावकाश, फार सावकाश ओट्यावर ठेवली.

काकूंनी माझ्यापुढचा कप माझ्याकडे सरकवला. "संपव लवकर," त्या पुटपुटल्या. "तू बसलायस तोवर त्यांना वर जाता येत नाही."

चहा चांगलाच कढत होता. मी तो दोन घोटांत संपवला आणि उठलो.